प्रौढांचा घोळणा फुटणे : कारणे, तातडीचा उपाय व शिक्षकाचे कार्य

नाकातून एकाएकी रक्त वाहू लागणे यास मराठीत घोळणा फुटणे असे म्हणतात. शाळेत मुलांच्या बाबतीत हा प्रकार वरचेवर घडतो व शिक्षकास त्याची सवयही झालेली असते. परंतु शेतावरून आलेला चाळिशीचा पालक, शाळेचा वयस्क शिपाई किंवा खुद्द एखादा सहकारी शिक्षक यांच्या नाकातून अकस्मात रक्ताची धार लागली, म्हणजे सर्वांची त्रेधा उडते. कोणी रुग्णास उताणे निजवितो, कोणी डोक्यावर घागरभर पाणी ओततो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो. काही वेळाने रक्त थांबते व ज्याने जो उपाय केला त्यास त्याचे श्रेय मिळते. रक्त का आले, हा प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही.

या प्रसंगी दोन कामे करावयाची असतात. रक्त थांबविणे हे पहिले व कारण शोधणे हे दुसरे. मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा पहिल्या कामावर भागते. प्रौढाच्या बाबतीत दुसरे काम टाळून चालत नाही. कारण नाकातील रक्त हे पुष्कळदा नाकाबाहेरच्या विकाराची खूण असते. गावात दवाखाना दूर असतो आणि शाळा जवळ असते. सल्ला विचारण्यास लोक शिक्षकाकडे येतात. म्हणून या विषयाचे नेमके ज्ञान त्यास असणे अगत्याचे आहे.

नाकाची रचना

नाक हे केवळ वास घेण्याचे इंद्रिय नव्हे. फुप्फुसांत जाणारी हवा गाळणे, ऊन करणे व ओलसर करणे ही त्याची मुख्य कामे आहेत. विश्रांतीच्या स्थितीतही प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. एवढी हवा क्षणार्धात ऊन व ओली करावयाची, तर नाकाच्या आतील पातळ त्वचेस भरपूर रक्ताचा पुरवठा असावा लागतो. त्यामुळे या त्वचेखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले असते. हाताच्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांना चरबीचे व जाड कातडीचे संरक्षण असते. नाकात ते जवळजवळ नाही. त्वचेचा पापुद्रा सुकून तडकला की खालची वाहिनी उघडी पडते.

दोन्ही नाकपुड्यांमध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या व खालच्या भागात, बोटाचे टोक सहज पोहोचेल एवढ्या अंतरावर, अनेक रक्तवाहिन्या एकत्र मिळतात. मानेतून वर चढणाऱ्या रोहिण्यांपैकी एक कवटीच्या आत मेंदूकडे जाते व दुसरी चेहऱ्यास रक्त पुरविते. या दोहोंच्या शाखा येथे एकमेकींना भेटतात. अमेरिकेतील शस्त्रवैद्य जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये व जर्मनीतील व्हिल्हेल्म कीसेलबाख यांनी १८८४ मध्ये या स्थानाचे वर्णन केले. त्यांचीच नावे आजही या जागेस दिली जातात. घोळणा फुटण्याच्या दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी रक्त येथूनच येते.

ही गोष्ट शिक्षकाने नीट मनात ठेवावी. रक्त येण्याची जागा पुढे आहे, मऊ भागात आहे आणि बोटांच्या चिमटीत सापडण्यासारखी आहे. पुढे सांगितलेला सर्व उपाय या एका गोष्टीवर आधारलेला आहे.

उरलेल्या थोड्या प्रसंगी रक्त नाकाच्या मागच्या, खोल भागातील मोठ्या वाहिनीतून येते. असे रक्त नाकपुडीतून कमी व घशात जास्त उतरते. रुग्ण वारंवार रक्त थुंकतो किंवा गिळतो. हा प्रकार मुलांत विरळा, उतारवयातील माणसांत अधिक आढळतो. चिमटीने तो आटोक्यात येत नाही, त्यास रुग्णालयच गाठावे लागते.

नाकातल्या नाकात असलेली कारणे

सर्वांत सामान्य कारण कोरडेपणा हे होय. विदर्भ-मराठवाड्यातील चैत्र-वैशाखाचे कोरडे ऊन किंवा हिवाळ्यातील रुक्ष वारा यांनी नाकातील ओलावा सुकतो, खपल्या धरतात, माणूस त्या नखाने काढतो आणि रक्त येते. 'अंगात उष्णता झाली' असे लोक म्हणतात. त्यात अर्धे सत्य आहे. उष्णता अंगात वाढलेली नसते. बाहेरच्या तापलेल्या, कोरड्या हवेने नाकातील त्वचा तडकलेली असते. पंख्याच्या थेट झोतात निजणाऱ्यास व वातानुकूलित खोलीत दिवसभर काम करणाऱ्यासही हाच त्रास होतो.

पडसे, सर्दी, शिंका आणि जोराने नाक शिंकरणे हे दुसरे कारण. सुजलेल्या त्वचेत रक्त साठलेले असते व थोड्या आघातानेही ते वाहू लागते. तपकीर ओढण्याची सवय, चुलीचा धूर, खडी फोडण्याच्या जागेवरील धूळ, सिमेंट आणि फवारणीची तिखट औषधे यांनीही नाकाची त्वचा झिजते. ॲलर्जीवर नाकात मारावयाच्या फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे रोखले, तर औषध रोज त्याच नाजूक जागी आदळून रक्त येते. फवारा नेहमी बाहेरच्या बाजूस, कानाच्या दिशेने रोखावा. नाकाचा पडदा एका बाजूस वाकडा असल्यास तेथे हवेचा झोत जोराने लागून खपल्या धरतात.

गावाकडे विशेषेकरून आढळणाऱ्या दोन गोष्टींचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. पीनस या जुनाट विकारात नाकास दुर्गंधी येते, परंतु रुग्णाची स्वतःची घ्राणशक्ती गेल्यामुळे त्यास ती कळत नाही. माश्या अशा नाकात अंडी घालतात व अळ्या पडून रक्त वाहते. लाजेने हा रोग लपविला जातो. वस्तुतः तो उपचारास योग्य असा रोग आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट तळ्यात-डबक्यात नित्य स्नान करणाऱ्यांची. भारत व श्रीलंका या देशांत एका सूक्ष्म जीवामुळे अशा लोकांच्या नाकात लालसर, खरबरीत, तुतीच्या फळासारखा कोंब वाढतो व हात लागताच त्यातून रक्त येते. शस्त्रक्रियेने तो काढता येतो.

नाकातील सर्वांत गंभीर कारण म्हणजे गाठ किंवा कर्करोग. हा विरळा आहे, पण त्याची लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्तमिश्रित स्राव येणे, तीच नाकपुडी सतत बंद राहणे, त्या बाजूचा गाल सुजणे किंवा बधिर होणे, कान दडणे, मानेत गाठ लागणे यांपैकी काही असेल, तर रक्त थोडे आहे म्हणून स्वस्थ बसू नये. लाकडाच्या भुशात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सुतारास नाकाच्या व त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो, हे आता सिद्ध झाले आहे.

मधुमेही माणसाच्या नाकातून काळपट, रक्ताळ स्राव येऊन गाल दुखू लागला किंवा डोळा सुजला, तर एक दिवसही दवडू नये. कोविडच्या साथीत, २०२१ साली, महाराष्ट्रात ज्या 'काळ्या बुरशी'ने अनेकांचे डोळे व प्राण घेतले, तिची ही लक्षणे होत. साथ ओसरली तरी अनियंत्रित मधुमेहात हा रोग आजही होऊ शकतो.

रक्तदाबासंबंधी काही समज

प्रौढाच्या नाकातून रक्त आले की 'रक्तदाब वाढला' असे सर्रास म्हटले जाते. या विधानाची थोडी छाननी करणे जरूर आहे. ज्यांचा घोळणा फुटतो, त्यांच्यात रक्तदाबाचे रुग्ण अधिक आढळतात, हे खरे. तथापि केवळ वाढलेल्या दाबाने धडधाकट वाहिनी फुटते असे निश्चितपणे म्हणता येत नाही. एवढे मात्र खरे की, दाब अधिक असेल तर एकदा सुरू झालेले रक्त लवकर थांबत नाही व थांबले तरी पुन्हा सुरू होते. वर्षानुवर्षे दाब चढा राहिल्यास वाहिन्या कठीण होतात. अशी वाहिनी तुटली असता आक्रसून स्वतःचे तोंड मिटवून घेऊ शकत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रक्त पाहून माणूस घाबरतो व त्या भीतीनेही दाब चढतो. त्या क्षणी मोजलेल्या आकड्यावरून आयुष्यभराचा निष्कर्ष काढू नये. उलट, आठवडाभरात दोन-तीन वेळा, शांतपणे बसवून दाब पुन्हा मोजून घ्यावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर औषधोपचार सुरू करण्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खेड्यातील कित्येक माणसांचा रक्तदाब आयुष्यात प्रथम मोजला जातो तो अशाच एखाद्या प्रसंगी. घोळणा फुटण्याचा हा एक अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

'नाकावाटे रक्त गेले ते बरे झाले, नाही तर मेंदूत फुटले असते', अशी एक समजूत प्रचलित आहे. ती निराधार आहे. नाकातून गेलेल्या रक्ताने मेंदूचे संरक्षण होत नाही. या खोट्या समाधानामुळे रक्तदाबाचा उपचार मात्र लांबणीवर पडतो.

औषधांमुळे येणारे रक्त

आज खेड्यापाड्यांतही हृदयविकारावर औषधे घेणारी माणसे आहेत. त्यांच्या नाकातून रक्त येण्याचे एक महत्त्वाचे कारण त्यांच्या खिशातील गोळ्यांत सापडते. रक्त गोठण्यास आरंभ करणाऱ्या सूक्ष्म कणांस बिंबाणू, म्हणजेच ज्यांस हल्ली सर्वत्र प्लेटलेट म्हणतात ते कण, अशी संज्ञा आहे. ॲस्पिरिनची गोळी या कणांची एकमेकांस चिकटण्याची शक्ती नष्ट करते. बिंबाणूचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते व ॲस्पिरिनचा परिणाम त्याच्या आयुष्यभर टिकतो. म्हणून चार दिवसांपूर्वी घेतलेली गोळीही आजच्या रक्तस्रावास साहाय्यक ठरू शकते. सांधेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक वेदनाशामक गोळ्यांचाही बिंबाणूंवर असाच, परंतु कमी काळ टिकणारा परिणाम होतो.

दुसऱ्या गटातील औषधे याहून प्रबळ आहेत. त्यांपैकी वॉर्फरिन या औषधाचा इतिहास उद्बोधक आहे. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेला गवती चारा खाल्लेली जनावरे किरकोळ जखमेतूनही रक्तस्राव होऊन मरू लागली. विस्कॉन्सिन येथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक व त्यांचे सहकारी यांनी त्या चाऱ्यातील रक्त पातळ करणारे द्रव्य शोधून काढले. त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून, अगदी अल्प व मोजक्या मात्रेत, माणसांसाठी वापरले जाऊ लागले. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णांना वॉर्फरिन किंवा असेनोकुमरॉल या जातीचे औषध आजही जन्मभर घ्यावे लागते. त्याची मात्रा ठरविण्यासाठी रक्ताची ठराविक तपासणी नियमाने करावी लागते. ती चुकली, मध्येच दुसरी औषधे सुरू झाली किंवा आहारातील पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलले, तर रक्त अवाजवी पातळ होऊ शकते. घोळणा फुटणे ही त्याची पहिली सूचना असू शकते.

या ठिकाणी एका घातक चुकीविषयी सावध करणे आवश्यक आहे. नाकातून रक्त आले म्हणून रुग्ण किंवा त्याचे आप्त या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करतात. नाकाचे रक्त त्यामुळे थांबेलही. परंतु कृत्रिम झडपेवर गुठळी धरून किंवा हृदयाच्या रोहिणीत बसविलेली जाळी बंद पडून जीव जाऊ शकतो. गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, एवढेच शिक्षकाने आग्रहाने सांगावे.

उंदीर मारण्याच्या अनेक औषधांत आजही वॉर्फरिनच्याच कुळातील, पण अधिक काळ टिकणारी विषे असतात. ती चुकून किंवा निराशेच्या भरात पोटात गेल्यास लगेच काही होत नाही. दोन-तीन दिवसांनी नाक, हिरड्या व लघवी यांवाटे रक्त जाऊ लागते. वेळीच कळल्यास त्यावर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे. म्हणून कारण न सापडणाऱ्या रक्तस्रावात ही चौकशी हळुवारपणे, एकान्तात आणि दोष न देता करावी.

सर्व शरीराच्या विकारांची खूण

ताप आणि नाकातून रक्त ही जोडी नेहमीच काळजीची समजावी. पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूच्या तापात बिंबाणूंची संख्या घटते. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ती दीड लाख ते साडेचार लाख असते. डेंग्यूत नाक किंवा हिरड्यांतून रक्त येणे ही धोक्याची पूर्वसूचना होय. अशा तापात ॲस्पिरिन वा तत्सम वेदनाशामक गोळी मुळीच देऊ नये, तापासाठी पॅरासिटामॉलच योग्य. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखल्या गेलेल्या या रोगातही नाक व हिरड्यांतून रक्त येऊ शकते. काजूच्या बागेत किंवा रानात जाणाऱ्या माणसास असा ताप आल्यास रानात गेल्याची हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी.

सर्पदंशाचा संबंध नाकाशी असेल असे सहसा मनात येत नाही. परंतु फुरसे व घोणस या सापांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. पायास काही चावले, पण साप दिसला नाही, आणि काही तासांनी हिरड्यांतून अथवा नाकातून रक्त येऊ लागले, तर ते विषबाधेचे लक्षण समजावे. कोकणात फुरसे विपुल असल्याने तेथील शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. रुग्णालयात असे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून पाहतात. ते गोठले नाही, तर प्रतिविष देणे अवश्य ठरते. येथे नाक दाबून भागत नाही, मंत्रतंत्रानेही भागत नाही. प्रतिविष हाच उपाय आहे.

रक्त गोठविणारी बहुतेक द्रव्ये यकृतात तयार होतात. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याचे यकृत निकामी होऊ लागले, म्हणजे ही द्रव्ये कमी पडतात. शिवाय मद्याने नाकातील वाहिन्या रुंदावतात. व्यसनी माणसाच्या नाकातून वारंवार रक्त येणे, पोट फुगणे व डोळे पिवळे होणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास यकृताची तपासणी करावी. फिकटपणा, अंगावर निळे-काळे डाग, ताप व अशक्तपणा यांसह रक्त येत असेल, तर रक्ताच्या कर्करोगाचीही शंका घ्यावी लागते. गर्भवती स्त्रियांच्या नाकातील त्वचेस स्वभावतःच अधिक रक्तपुरवठा होत असल्याने त्यांना किरकोळ रक्तस्राव होतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो. तथापि चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी वा दृष्टीपुढे अंधारी असल्यास त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.

काही कुटुंबांत हा दोष पिढीजात असतो. रक्त गोठविणारे एखादे द्रव्य जन्मतः कमी असणे, हा त्याचा एक प्रकार. दुसऱ्या एका प्रकारात ओठ, जीभ व बोटांची टोके यांवर बारीक लाल ठिपके दिसतात व नाकातून आयुष्यभर रक्त जात राहते. सुमारे पाच हजारांत एखाद्यास हा विकार असतो. दात काढल्यावर फार वेळ रक्त गेले होते काय, घरात आणखी कोणास असा त्रास आहे काय, या दोन प्रश्नांनी पिढीजात दोषाचा पुष्कळ उलगडा होतो.

तातडीचा उपाय

प्रथम रुग्णास व भोवतालच्या लोकांस धीर द्यावा. चमचाभर रक्ताने पांढरा रुमाल लाल होतो व पाहणाऱ्यास ते ओंजळभर वाटते. प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि रक्तदानात ३५० मिलिलिटर रक्त काढले तरी निरोगी माणसास अपाय होत नाही. ही तुलना सांगितली असता भीती बरीच ओसरते. त्यानंतर पुढील क्रमाने उपाय करावा.

१. रुग्णास बसवावे व मान किंचित पुढे झुकवावी. उताणे निजवू नये, मान मागे टाकू नये. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते फक्त घशात उतरून दिसेनासे होते. गिळलेल्या रक्ताने मळमळ व काळसर उलटी होते आणि किती रक्त गेले याचा अंदाज लागत नाही.

२. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या मिळून, घट्ट धरावा. वरचे हाड दाबून उपयोग नाही. रुग्णाने तोंडाने श्वास घ्यावा व तोंडात आलेले रक्त थुंकून टाकावे.

३. घड्याळ लावून पंधरा मिनिटे चिमटी सोडू नये. 'थांबले का पाहू' म्हणून मध्येच हात काढणे ही सर्वांत मोठी चूक होय. हात काढताच नुकती धरू लागलेली गुठळी निसटते व पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

४. रक्त न थांबल्यास आणखी एकदा पंधरा मिनिटे दाबावे. तरीही न थांबल्यास दाबलेल्या स्थितीतच रुग्णालयाकडे निघावे.

नाकात कापसाचे बोळे, कापड, चुना किंवा हळद कोंबू नये. बोळा काढताना खपली निघून पुन्हा रक्त येते. कांदा हुंगविणे व डोक्यावर पाणी ओतणे यांनी रक्त थांबते याला आधार नाही. ते थांबते कारण किरकोळ रक्तस्राव पुष्कळदा आपोआपच थांबतो. कपाळावर थंड पाण्याची घडी ठेवण्यास हरकत नाही, पण ती दाबण्याच्या ऐवजी नव्हे. रुग्णास घेरी आल्यास त्यास कुशीवर निजवावे, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाणार नाही.

रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नये, खपली काढू नये, ओणवे होऊन ओझे उचलू नये व फार कढत चहा घेऊ नये. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे. पुढील आठ-दहा दिवस नाकपुडीच्या आतल्या कडेस थोडी पेट्रोलियम जेली लावल्यास कोरडेपणा राहत नाही.

रुग्णालयात केव्हा न्यावे

अर्धा तास नीट दाबूनही रक्त न थांबणे. रक्त मुख्यत्वे घशात उतरणे. डोक्यास मार लागल्यानंतर रक्त अथवा पाण्यासारखा द्रव नाकातून येणे. रुग्ण फिकट पडून घामाघूम होणे. रक्त पातळ करणारे औषध चालू असणे. ताप किंवा सर्पदंश असणे. शरीरात अन्यत्रही रक्त येणे, यांपैकी एकही गोष्ट असल्यास विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एरवी रक्त थांबले, परंतु महिन्यात दोन-तीन वेळा तोच प्रकार घडला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

तेथे रक्तदाब मोजतात, रक्तातील हिमोग्लोबिन व बिंबाणू तपासतात आणि नाकात उजेड पाडून फुटलेली जागा शोधतात. ती जागा सिल्व्हर नायट्रेट या क्षाराने किंवा विजेच्या साधनाने भाजून बंद करता येते. खोल रक्तस्रावासाठी नाकात पट्टी भरतात. क्वचित मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने मुख्य वाहिनी बंद करतात. हे सर्व आता साध्य असल्याने उशीर करण्यास कारण उरलेले नाही.

शिक्षकाचे कार्य

शिक्षक वैद्य नाही व त्याने वैद्य होऊही नये. रोगाचे निदान करणे हे त्याचे काम नव्हे. परंतु चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देणे त्यास सहज शक्य आहे. रक्त कोणत्या नाकपुडीतून व किती मिनिटे आले ? यापूर्वी कितीदा आले होते ? कोणत्या गोळ्या चालू आहेत ? ताप, दंश, मार, मद्य, मधुमेह किंवा गर्भारपण यांपैकी काही आहे काय ? घाबरलेला आप्त दवाखान्यात गेल्यावर यांतील निम्मे विसरतो. चिठ्ठी विसरत नाही. डॉक्टरांचा वेळ व प्रसंगी रुग्णाचा जीव अशा चार ओळींनी वाचतो.

आरोग्याच्या तासाला नाक धरण्याची योग्य रीत वरच्या वर्गातील मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी. एका मुलाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने स्वतःचे नाक हलकेच धरून दाखवावे व इतरांनी चूक सांगावी. पंधरा मिनिटे म्हणजे किती वेळ, हे एकदा अनुभवल्यावाचून कळत नाही. पालकसभेतही तेच करून दाखवावे व आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य उपकेंद्रातील अधिकारी यांस त्या दिवशी बोलावून चाळिशी ओलांडलेल्या पालकांचा रक्तदाब मोजण्याची व्यवस्था करावी. मुलांनी शिकलेली रीत घरी पोहोचते आणि शेतावर किंवा वाटेत प्रसंग ओढवला असता जवळ असलेले मूलच आजोबांची मान पुढे झुकवून नाक धरते.

रक्त थांबल्यावर माणूस हायसे वाटून कामास लागतो व डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतो. अशा वेळी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावरून जाताना 'दाब मोजून आणला का ?' एवढे विचारणे, हे शिक्षकाचे या बाबतीतील शेवटचे व बहुधा सर्वांत उपयोगी काम होय.